दमाचा पंच

मी एका जन्मांध माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. हे वाक्य वाचून कोणाला हसू आलं तर मी त्याला दोष देणार नाही. त्या दिवशीही सगळे हसलेच होते. पण माझी चूक तेवढीच नव्हती. पट्टी सोडताना मला जे दिसलं, ते मी कोणाला सांगितलं नाही. त्यामुळे सुखदेवभाऊंची शिट्टी गेली आणि ती माझ्या गळ्यात आली. पुढे कित्येक वर्षं मी ती वाजवली, आणि दर वेळी चुकीची वाजवली.

बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हिंगणीच्या अलीकडे एक गाव आहे. सत्तरच्या दशकात मी तिथे विज्ञानाचा शिक्षक म्हणून गेलो. सुखदेवभाऊ तेव्हा चाळिशीचे असतील. भावाच्या पिठाच्या चक्कीवर दळण टाकायचं काम त्यांच्याकडे होतं. माणूस उंच, रुंद, आणि डोकं गावात कोणाचं नसेल एवढं मोठं. टोपी त्या डोक्यावर बसत नसे, नुसती ठेवलेली असे. भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळ्यांवर कायम पीठ.

त्यांची ख्याती अशी की ते पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखतात. ही ख्याती त्यांनी स्वतःच पसरवली होती. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा ते चुकत. पण चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"ये रमेश, ठेव दळण," ते म्हणाले, तेव्हा मी तिथे होतो.

"मी रमेश नाई भाऊ, मी दिनकर."

"मंग रमेशचे जोडे काऊन घातले?"

"माहेच हायेत जी जोडे."

"तुले मालूम नाई. रमेशच्या घरी जाऊन पाह्य, तो तुहे घालून बसला असन."

दिनकर खरोखर रमेशच्या घरी गेला. जोडे बदललेले नव्हते. तरी पुढे कितीतरी दिवस तो स्वतःच्या पायांकडे संशयाने बघत असे.

नव्या जागी गेले की सुखदेवभाऊ जिभेने टाळूवर 'टक्' असा आवाज काढत. तो आवाज भिंतीवरून, खांबावरून, माणसावरून परत येई आणि त्यावरून त्यांना जागेचा अंदाज लागे. मला हे फार नवल वाटे. गावाला नवल वाटत नसे, त्रास होई. पाटलांसमोर उभं राहून त्यांनी एकदा दोन-तीनदा टक्-टक् केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाप्पा, पाटील, पोट लय पुढं आलं. आवाज लवकर वापस येऊन राह्यला." पाटील महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा तर कहर झाला. सेलूकडचं कुठलंसं घर. बैठकीत पाहुणे बसले, मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, आणि नेमकं तेव्हाच सुखदेवभाऊंनी खोली केवढी आहे ते अजमावायला जीभ वाजवली. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. मुलीच्या आईला वाटलं, हा माणूस मुलीला नाक मुरडतोय. ती बशी आपटून आत गेली. भगवानराव, म्हणजे सुखदेवभाऊंचे थोरले भाऊ, हात जोडून सांगू लागले, "माहा भाऊ आंधळा हाय हो, तो पोरीले नाई, भिंतीले पाहून राह्यलाता." मुलीचे वडील आणखी भडकले. म्हणाले, "पोरगी सोडून भिंती पाह्याले आले का तुमी?" ते लग्न शेवटी जमलं. पण लग्नात सुखदेवभाऊंच्या तोंडात सतत काही ना काही खायला असेल याची जबाबदारी दोन माणसांवर सोपवली होती.

वर्ध्याच्या टॉकीजमध्ये मी त्यांच्यासोबत एकदाच गेलो. सिनेमा सुरू झाल्यावर ते पुढच्या माणसाच्या खांद्यावर काठी टोचून म्हणाले, "मुंडकं खाली कर ना बे." त्याने वळून यांच्याकडे पाहिलं आणि तो चमकला. म्हणाला, "तुले कुठं दिसते?" सुखदेवभाऊ म्हणाले, "दिसत नाई म्हून तं सांगून राह्यलो. आवाज अडते." तो बिचारा सबंध सिनेमा वाकून बसला.

तर असा हा माणूस कबड्डीचा पंच झाला.

चक्कीच्या मागेच शाळेचं मैदान होतं. संक्रांतीच्या सुमारास तिथे आसपासच्या गावांचे सामने होत आणि दर सामन्यात एकाच गोष्टीवरून मारामारी होई. चढाई करणारा 'कबड्डी कबड्डी' म्हणत जातो, तो एकाच दमात परत यायला हवा. मध्ये श्वास घेतला तर बाद. पण श्वास घेतला की नाही हे ठरवणार कोण? एका वर्षी भांडण इतकं पेटलं की सामना सोडून लोक काठ्या शोधू लागले. तेव्हा चक्कीच्या दारातून सुखदेवभाऊंचा आवाज आला, "तोडला त्यानं दम. उजव्या कोपऱ्यात गेला तवा वारा गिळला. मले इथं ऐकू आला."

ज्याच्याबद्दल ते बोलत होते तो आमच्याच गावाचा कप्तान होता, वामन. गडी चपळ, देखणा, आणि गावाचा लाडका. तो मान खाली घालून म्हणाला, "हो. घेतलता." आपल्याच गावाविरुद्ध निकाल देणारा माणूस सापडल्यावर बाहेरच्या गावांचा आनंद काय वर्णावा! त्याच दिवशी सुखदेवभाऊंच्या गळ्यात शिट्टी पडली. मध्यरेषेच्या टोकाला त्यांची खुर्ची ठेवायची. स्पर्श झाला की नाही ते दुसरा पंच पाहणार, दम यांनी ऐकायचा.

पुढच्या वर्षी एक नवा संघ आला. त्यांच्या म्होरक्याने खुर्चीकडे पाहिलं आणि ओरडला, "आंधळा पंच? थट्टा करून राह्यले का आमची?"

सुखदेवभाऊंनी शांतपणे विचारलं, "तुले दम दिसते का?"

"दम कसा दिसन?"

"मंग आपण दोघंई सारखेच. जाय, खेळ."

खुर्चीत बसलेले सुखदेवभाऊ मला अजून दिसतात. चढाई सुरू झाली की त्यांचं मोठं डोकं एका बाजूला कलायचं आणि खेळाडूबरोबर सूर्यफुलासारखं सावकाश फिरत राहायचं. तेवढा वेळ ते चक्कीवरचे सुखदेवभाऊ नसत. फुशारकी नाही, टोमणा नाही. माणसं ओळखताना निम्म्या वेळा चुकणारा हा माणूस दमाच्या बाबतीत चुकल्याचं मला आठवत नाही. संक्रांतीची ती खुर्ची सोडली तर वर्षभर गाव त्यांना 'चक्कीवरचा आंधळा' म्हणे. त्या खुर्चीत मात्र ते 'पंचसाहेब' होते. हे त्यांना किती हवंसं होतं ते मला दिसत होतं. म्हणूनच माझा गुन्हा मोठा आहे.

शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं. वरचे साहेब यायचे होते. मी तरुण होतो आणि गावात विज्ञान आणायचं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी प्रयोग ठरवला, 'अंधांची श्रवणशक्ती'. अंगणात वर्तुळात माणसं उभी करायची, प्रत्येकाच्या हाती तेलाचा रिकामा डबा. कोणीतरी एक जण डबा वाजवेल. मध्ये बसलेल्याने काठीने दिशा दाखवायची. एकदा सुखदेवभाऊ आणि एकदा डोळे बांधलेला वामन. सुखदेवभाऊ जिंकणार यात मला शंका नव्हती. त्यांचा गौरव व्हावा आणि त्यात थोडा माझाही, एवढीच इच्छा होती.

आदल्या दिवशी मला तत्त्व आठवलं. प्रयोगात दोन्ही बाजूंना परिस्थिती सारखी हवी. वामनला पट्टी, तर सुखदेवभाऊंनाही पट्टी. गोधडीच्या जाड कापडाच्या दोन पट्ट्या मी स्वतः फाडल्या.

"गुर्जी, मी आंधळाच हाव ना," प्रदर्शनाच्या दिवशी मी पट्टी बांधायला गेलो तेव्हा सुखदेवभाऊ म्हणाले.

"हो, पण विज्ञानात दोघांना सारखं वागवावं लागतं."

"मंग वामन्याचे डोळे काढा."

सगळे हसले. मीही हसलो आणि पट्टी बांधली. मोठं डोकं, पट्टी आखूड. ती बसेना म्हणून मी खाली ओढली आणि मागे करकचून गाठ मारली.

पहिला डबा वाजला. सुखदेवभाऊंनी व्हरांड्याच्या खांबाकडे काठी केली. दुसरा वाजला, त्यांनी जीभ वाजवली. मी म्हणालो, "आवाज करायचा नाही." त्यांनी मान कलवली. मी म्हणालो, "मान हलवायची नाही. दोघांना सारखेच नियम." मग ते ताठ बसले, फोटो काढायला बसल्यासारखे. तेवढ्यात साहेबांनी चहात चमचा फिरवला. सुखदेवभाऊंची काठी सरळ साहेबांच्या छातीवर जाऊन टेकली.

"हा डबा," ते म्हणाले.

अंगण हसून लोळलं. साहेबसुद्धा हसले, पण कप खाली ठेवून.

मग वामन बसला. सुखदेवभाऊ पट्टीसकट बाजूला बसले होते. त्याने एकही दिशा चुकवली नाही. एकदा तर डबा वाजायच्या आधीच त्याने बोट दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पट्टीच्या खालून, नाकाच्या दोन्ही बाजूंनी त्याला अख्खं अंगण दिसत होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. डबा वाजायच्या आधी दाखवलेलं बोट मीही पाहिलं होतं.

मी सुखदेवभाऊंची पट्टी सोडायला गेलो आणि माझा हात थांबला. पट्टी डोळ्यांवर होती तशी कानांवरही होती. दोन्ही कान कापडाखाली दुमडले गेले होते, लाल झाले होते, पाळ्यांवर गोधडीची वीण उमटली होती. सुखदेवभाऊ फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "कानं बांधले जी तुमी."

साहेबांनी विचारलं, "हं, मास्तर, निष्कर्ष काय?"

सगळं अंगण माझ्याकडे पाहत होतं. प्रयोग चुकला, असं म्हणायचं होतं. एवढंच वाक्य. मी म्हणालो, "अंधांचे कान जास्त तीक्ष्ण असतात ही अंधश्रद्धा आहे, साहेब. आज ती प्रयोगाने दूर झाली."

साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं.

संक्रांतीला मैदानावर वामन म्हणाला, "आता सायन्सनं सिद्ध झालं. गुर्जीच पंच पायजे." कोणी विरोध केला नाही. सुखदेवभाऊंनी गळ्यातली शिट्टी काढली, सदऱ्याला नीट पुसली आणि माझ्यापुढे धरली. "घ्या. पुसून देतो. आंधळ्याचा थुका लागला तं सायन्स बिघडन." मी ती घेतली. घेतली हेच खरं.

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. आणि माझ्याशी त्यांनी एक रीत सुरू केली. दळण घेऊन गेलो की विचारत, "कोण?"

"मी गुरुजी."

"कोनते गुर्जी?"

"शाळेतले."

"शाळेत लय गुर्जी हायेत."

"विज्ञानाचे."

"हां. सायन्सवाले. ठेवा दळण."

रमेशला दिनकर आणि दिनकरला रमेश म्हणणारा माणूस, चुकून का होईना, प्रत्येकाला काहीतरी नाव देई. मला मात्र कधीच दिलं नाही. माझ्या बायकोला ओळखत, माझ्या सायकलला ओळखत. "गुर्जीची सायकल आली," असं म्हणत, आणि मी सायकलवरून उतरलो की, "कोण?" पीठ मात्र बारीक दळून देत. त्यात कधी खोट काढली नाही.

इकडे मी शिट्टी वाजवत होतो. खुर्चीवर बसून मी खेळाडूंच्या ओठांवर डोळे रोखून बघत असे. या काळात वामनचा दम इतका वाढला की आसपासच्या गावांत त्याचं नाव झालं. तो चढाईला गेला की परत यायचं विसरत असे. कोणी म्हणे प्राणायाम करतो, कोणी म्हणे बोर धरणात पाण्याखाली बसून सराव करतो. सामना सुरू असताना चक्की मात्र हमखास बंद पडे. सुखदेवभाऊ मोटर थांबवत आणि दळणवाल्या बायकांना सांगत, "पट्टा गरम झाला." मग पिठाच्या डब्यात हात घालून बसत आणि मधेच पुटपुटत, "तोडला." थोड्या वेळाने पुन्हा, "तोडला." हे मला एका बाईने हसत हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका थंडीत डोळ्यांची साथ आली. माझेही डोळे आले. सामन्याच्या दिवशी पापण्या उघडवत नव्हत्या, पण दुसरं कोणी शिट्टी घ्यायला तयार नव्हतं. मी खुर्चीत डोळे मिटून बसलो. वामन चढाईला निघाला. कबड्डी कबड्डी कबड्डी, आणि मग काहीच नाही. नुसती पावलं, आणि आत ओढलेल्या श्वासाचा बारीकसा आवाज. मग पुन्हा कबड्डी कबड्डी. मला वाटलं माझ्या कानांत काही बिघाड झाला. मी कसाबसा एक डोळा किलकिला केला. ओठ हलत होते, आणि लगेच मला आवाजही 'ऐकू' येऊ लागला. डोळा मिटला, आवाज गेला. उघडला, आला. इतकी वर्षं वामन नुसते ओठ हलवत होता आणि बाकीचं मी ऐकून घेत होतो.

मी शिट्टी वाजवली. पुढच्या चढाईतही वाजवली. त्याच्या पुढच्याही. वामन माझ्यापाशी येऊन म्हणाला, "गुर्जी, तुमाले दिसत नाई. घरी जा."

दुसऱ्या दिवशी मी वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. औषध लिहून झाल्यावर मी त्यांना सगळं विचारलं. डॉक्टर वयस्क होते, बोलायला आवडणारे. म्हणाले, "मास्तर, कान नुसता आवाज आत पोचवतो. ऐकतो तो मेंदू. कानाचं एक आणि डोळ्याचं दुसरं असं झालं, तर आपला मेंदू पुष्कळदा डोळ्याच्या बाजूनं निकाल देतो. गलक्यात तर हमखास."

"आणि जन्मांध माणसाचा?"

"त्याचे कान तुमच्या-माझ्यासारखेच. पण डोक्याच्या मागच्या बाजूला पाहण्याचं काम करणारा भाग असतो. डोळ्यांकडून काहीच येत नसेल तर तो रिकामा बसत नसावा, आवाजाच्या कामाला लागत असावा, असं आता म्हणू लागले आहेत. पक्कं काय ते कळेल हळूहळू. मात्र आवाज कुठून येतो हे ताडायला दोन्ही कान मोकळे हवेत, आणि मान वळवता यायला हवी."

मी विचारलं, "अशा माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली तर?"

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. "कशाला बांधायची?"

मी फी ठेवली आणि परतीची एस.टी. पकडली.

एस.टी.तून उतरलो तो घरी न जाता चक्कीवर गेलो. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा डोळ्यांवर, शिट्टी खिशात. चक्की धडधडत होती. बायका डबे घेऊन रांगेत होत्या. मला पाहून एक जण पदराआड हसली.

"कोण?" सुखदेवभाऊंनी विचारलं. तेवढ्या धडधडाटातही त्यांना मी आल्याचं कळलं होतं.

"मी. मला बोलायचं होतं."

त्यांनी एक हात कानाशी नेला. "ऐकू नाई येत जी. चक्की चालू हाय."

मैदानातला गिळलेला श्वास चक्कीच्या दारात ऐकणारा माणूस हा! मी आवाज वाढवला. "त्या प्रदर्शनाबद्दल बोलायचं होतं!"

"अजून जोरानं."

मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, आणि ओरडताना माझी शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली. "सुखदेवभाऊ, पट्टी तुमच्या कानावर होती! मले तवाच दिसलं होतं! मी साहेबापुढं खोटं बोललो!"

'खोटं' म्हणेपर्यंत मोटर थांबली होती. पट्टा दोन-चारदा फडफडून गप्प झाला आणि उरलेलं वाक्य एकटंच चक्कीभर घुमलं. त्यांचा दुसरा हात पहिल्यापासून बटणावर होता, हे मला तेव्हा दिसलं. रांगेतल्या बायका डबे धरून पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. कोणी हसत नव्हतं.

"मले अर्धंच ऐकू आलं," सुखदेवभाऊ म्हणाले.

समोरची बाई मदतीला धावली. "गुर्जी म्हनते का, पट्टी..."

"तू नोको सांगू, बाई. त्याईलेच सांगू दे." त्यांनी पिठाने माखलेलं ते मोठं डोकं एका बाजूला कलवलं, मैदानावरच्या खुर्चीत कलवत तसं, आणि कान माझ्याकडे केला. "सांगा, गुर्जी. पण एका दमात. मधी श्वास घेतला तं बाद."

या वेळी 'कोनते गुर्जी?' म्हणून त्यांनी विचारलं नाही.

मी खिशातली शिट्टी काढून त्यांच्या हातात ठेवली, चष्म्याआड डोळे मिटले, छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि म्हणालो, "सुखदेवभाऊ तुमचे कान मी बांधले आणि ते मला दिसलं तरी गप्प बसलो कारण साहेब समोर होते आणि तुमची शिट्टी मी घेतली तीही गप्प बसून आणि इतकी वर्षं मी दम ऐकलाच नाही नुसते ओठ पाहिले आणि तुम्ही इथं बसून खरं बोलत होता हे मला ठाऊक होतं तरी आलो नाही कारण लाज वाटली आणि ती अजून वाटते आणि उद्या मैदानावर सगळ्यांसमोर पुन्हा सांगीन पण आधी तुम्हाला सांगतो, माझं चुकलं, मला माफ करा."